कडाक्याच्या थंडीत धावताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हिवाळ्यात घराबाहेर धावण्याविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. बहुतेक उत्तर अमेरिकेतून आली आहेत, काही ब्रिटनमधून, तर काही लडाखच्या तयारीत असलेल्या वाचकांची आहेत. किती जाड कपडे घातले म्हणजे थंडी अडेल, हाच जवळजवळ सर्वांच्या प्रश्नांचा रोख आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. धावणाऱ्या माणसाला थंड हवेपेक्षा स्वतःचा घाम आणि समोरून येणारा वारा अधिक छळतात, त्यामुळे कपड्यांची निवड या दोहोंचा विचार करूनच करावी लागते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पुढे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी ऑगस्टमध्ये नोकरीनिमित्त पुण्याहून मिनियापोलिसला आलो. पुण्यात असताना तळजाई टेकडीवर नियमित धावत असे. इथेही नोव्हेंबरपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. मागच्या रविवारी मात्र उणे 12 अंश सेल्सिअस तापमानात सुती बनियन, त्यावर आईने विणलेला स्वेटर आणि त्यावर पिसे भरलेले जाड जॅकेट घालून निघालो. पंधरा मिनिटांत घामाघूम झालो, म्हणून जॅकेट काढून कमरेला बांधले. परतताना इतकी हुडहुडी भरली की दाराच्या कुलपात किल्लीही नीट घालता येईना. चुकले कुठे? एप्रिलमध्ये मॅरेथॉन आहे, त्यामुळे सराव थांबवायचा नाही. — एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर : तुमच्या पत्रातील किल्लीच्या उल्लेखाकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. बोटे बधिर होऊन साधी कामेही हातून न होणे, बोलताना शब्द अडखळणे, अंगाचा थरकाप न थांबणे, ही शरीराचे तापमान घसरू लागल्याची लक्षणे असू शकतात आणि ती दिसताच धावणे थांबवून उबेला जायला हवे. तुम्ही घराशी पोहोचला होतात, हे बरे झाले.

धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. पिसे भरलेले जॅकेट बसथांब्यावर उभे राहणाऱ्यासाठी उत्तम, कारण ते ऊब धरून ठेवते. धावणाऱ्याच्या अंगावर तेच जॅकेट घाम कोंडून ठेवते. हा घाम सुती बनियनने टिपला, बनियन ओलेचिंब होऊन अंगाला चिकटले आणि मग तुम्ही जॅकेट काढून त्या ओल्या कापडावर वारा घेतलात. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातील उष्णता ओढून नेते. त्यामुळे या हवामानात सुती कापड अंगाला लागूच द्यायचे नाही, हा माझा आग्रह आहे आणि अंतर्वस्त्रेही त्याला अपवाद नाहीत.

हवामान जे तापमान दाखवते त्याहून दहा अंश अधिक आहे असे समजून कपडे घालावेत, हा धावणाऱ्यांमधील जुना आणि खात्रीचा नियम आहे. दारातून बाहेर पडताना ऊब वाटत असेल तर एक थर जास्त झाला आहे. पहिली आठ-दहा मिनिटे थंडी वाजायलाच हवी. लहानपणापासून ‘अंग नीट झाकून घे’ असे ऐकत आलेल्या आपल्या मनाला हे पटायला वेळ लागतो. पण एकदा अनुभव घेतलात की पुन्हा जाड जॅकेटकडे वळणार नाही.

उणे 12 अंशांना वरच्या अंगावर तीन पातळ थर पुरतात. त्वचेलगत पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा शर्ट असावा. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही ओली लागत नाही आणि तिला वासही कमी येतो. पॉलिएस्टर स्वस्त असते व लवकर वाळते. त्यावर गळ्यापासून छातीपर्यंत चेन असलेला पातळ फ्लीसचा शर्ट घालावा. ही चेन फार कामाची आहे, कारण चढावर अंग तापू लागले की ती चार बोटे खाली ओढायची आणि वाऱ्याच्या तोंडी आलात की पुन्हा वर न्यायची. घाम सुटण्याआधी चेन उघडणे, ही सवय अंगवळणी पडली की अर्धे काम झाले. सर्वांत वर पातळ विंडचीटर हवा, शक्यतो पुढून वारा अडवणारा आणि पाठीकडून हवा खेळू देणारा. पूर्ण जलरोधक रेनकोट या तापमानात घेऊ नये. इतक्या थंडीत पडणारे बर्फ कोरडे असते, ते झटकून टाकता येते; रेनकोटच्या आत साचलेला घाम मात्र झटकता येत नाही.

पाय स्वतःच भरपूर उष्णता निर्माण करतात, म्हणून आतून लव असलेली एक जाडसर टाइट्स पुरेशी होते. उणे 15 च्या खाली तिच्यावर वारा अडवणारी सैल पँट चढवावी. पुरुषांनी पुढच्या बाजूला वारारोधक कापड असलेली अंतर्वस्त्रे जरूर घ्यावीत; संकोचामुळे हा विषय कोणी काढत नाही आणि मग त्या नाजूक भागाला हिमदंश होण्यापर्यंत वेळ येते. महिलांनी हे लक्षात ठेवावे की सर्वांत जास्त वेळ ओली राहते ती स्पोर्ट्‌स ब्रा, त्यामुळे घरी परतल्यावर आधी ती बदलावी.

हातांसाठी पाच बोटांचे मोजे सोडून चार बोटे एकत्र राहतील असे मिटन घ्यावेत, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. त्यांच्या आत पातळ हातमोजे असले की चेन किंवा फोन हाताळताना त्वचा उघडी पडत नाही. पायांत मेरिनोच्या मोज्यांची एकच जोडी घालावी. दोन जोड्यांनी बूट घट्ट होतात, रक्तपुरवठा आवळला जातो आणि बोटे अधिक गार पडतात. बुटाच्या पुढच्या जाळीतून वारा शिरत असेल तर तिच्यावर रुंद चिकटपट्टी लावावी. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज चुकीचा आहे, डोक्याचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. तरीही कान आणि कपाळ उघडे ठेवू नयेत, कारण हिमदंश तिथे लवकर होतो.

मार्ग निवडताना वाऱ्याचा विचार आधी करावा. जाताना वारा तोंडावर घ्यावा आणि येताना पाठीवर, म्हणजे घामेजल्या अंगावर समोरून वारा येत नाही. तुमच्या शहरातील मिडटाउन ग्रीनवे हा जुन्या रेल्वेमार्गावरचा रस्ता बराचसा भोवतालच्या रस्त्यांच्या पातळीखालून जातो, त्यामुळे तळ्याकाठच्या उघड्या वाटांपेक्षा तिथे वारा कमी लागतो. आईने विणलेला स्वेटर घरी दाराशी काढून ठेवावा. ओले कपडे उतरवल्याबरोबर तो अंगात घालावा, कारण धावणे थांबताच शरीराची उष्णता बनणे झपाट्याने कमी होते आणि पहिल्या दहा मिनिटांतच थंडी भरते.

प्रश्न : हवामानाच्या ॲपवर तापमान उणे 18 दिसते आणि त्याखाली ‘फील्स लाइक उणे 28’ असे लिहिलेले असते. यांपैकी कोणता आकडा खरा मानायचा? आणि बाहेर जायचेच नाही अशी मर्यादा कोणती? — एक वाचक, टोरांटो

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, त्यांचे काम मात्र वेगवेगळे आहे. पहिला हवेचे तापमान सांगतो; दुसरा म्हणजे विंड चिल, उघड्या त्वचेतून किती वेगाने उष्णता जाईल ते सांगतो. तुम्ही दिलेले आकडे उणे 18 अंश आणि ताशी सुमारे 20 किलोमीटर वारा या स्थितीचे असतात आणि अशा वेळी उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते.

या निर्देशांकाचा इतिहास तुमच्या शहराशी जोडलेला आहे. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी अंटार्क्टिकावर पाण्याने भरलेले प्लास्टिकचे नळकांडे किती वेळात गोठते ते मोजले आणि त्यावरून 1945 मध्ये सूत्र प्रसिद्ध केले. पाण्याचे नळकांडे आणि माणसाचा चेहरा यांत फरक असल्याने ते सूत्र थंडी प्रत्यक्षाहून जास्त दाखवत असे. पुढे टोरांटोतील संशोधन संस्थेत स्वयंसेवकांना थंड दालनात उघड्या चेहऱ्याने ट्रेडमिलवर चालवून मापे घेण्यात आली आणि 2001 पासून अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांत नवे सूत्र लागू झाले. ते चालणाऱ्या माणसासाठी बेतलेले आहे, हे धावणाऱ्याने विसरू नये. ताशी 10 किलोमीटर वेगाने तुम्ही 20 किलोमीटरच्या वाऱ्यात समोरून शिरलात तर चेहऱ्यावर 30 किलोमीटरचा वारा येतो आणि वारा पाठीवर घेऊन धावलात तर 10 चाच उरतो.

कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकानुसार विंड चिल उणे 28 ते उणे 39 असताना उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, तर उणे 40 ते उणे 47 असताना 5 ते 10 मिनिटे पुरतात. उणे 27 पर्यंत योग्य कपड्यांत, घराजवळच्या फेऱ्या मारत धावायला मी सांगेन. त्यापुढे नाक आणि गाल पूर्ण झाकूनच, तेही थोडा वेळ आणि सोबत कोणी असेल तर. उणे 35 च्या खाली ट्रेडमिल वापरावी. त्या एका दिवसाने सरावाचे काही बिघडत नाही.

गालांवर जाड क्रीम किंवा व्हॅसलीन लावल्याने हिमदंश टळतो, यावर विसंबू नये. क्रीम लावल्यावर त्वचा उबदार असल्याचा भास तेवढा होतो. त्वचा आधी लाल होऊन झोंबते, मग पांढुरकी किंवा राखाडी आणि मेणचट दिसू लागते व तिथली जाणीव जाते. झोंबणे अचानक थांबले तर त्याला आराम समजू नका, ती धोक्याची खूण आहे. अशी त्वचा चोळू नये आणि तिच्यावर बर्फ तर मुळीच घासू नये. आडोशाला जाऊन अंगाच्या उबेने किंवा 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्याने ती पूर्ववत करावी. मात्र पुन्हा थंडीत जावे लागणार असेल तर मध्येच शेकू नये, कारण शेकलेला भाग पुन्हा गोठला की इजा कितीतरी वाढते. फोड आले किंवा जाणीव परतली नाही तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात तापमान शून्याखाली फारसे जात नाही, 3-4 अंश असते; पण पाऊस आणि वारा सतत असतो. मिनेसोटा आणि कॅनडाच्या गोष्टी ऐकल्या की आपली थंडी किरकोळच वाटते. साध्या कपड्यांत धावले तर चालेल ना? — एक वाचक, ग्लासगो

उत्तर : नाही. हे उत्तर मी सर्वांत कळकळीने लिहीत आहे, कारण 4 अंशांतला पाऊस उणे 10 अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा धावणाऱ्याला अधिक घातक ठरू शकतो आणि हे सहसा ध्यानात येत नाही.

जपानचा युकी कावाउची याची 2018 सालची दोन धावणी शेजारी ठेवून पाहा. त्या वर्षी 1 जानेवारीला मॅसॅच्युसेट्समधील मार्शफील्ड येथे उणे 17 अंशांच्या आसपासच्या थंडीत त्याने 2 तास 18 मिनिटे 59 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि ती पूर्ण करणारा तो एकटाच होता. एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉनला 3-4 अंश तापमान, मुसळधार पाऊस आणि समोरून वारा होता. तिथे नावाजलेले अनेक धावपटू गारठून मध्येच थांबले, हजारो जणांवर वैद्यकीय तंबूंत उपचार करावे लागले, आणि कावाउची 2 तास 15 मिनिटे 58 सेकंदांत पहिला आला. महिलांमध्ये जिंकलेली डेझिरी लिंडन जॅकेट अंगावर ठेवूनच धावली. 1985 नंतर ही शर्यत जिंकणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली. जॅकेट काढले की दोन-चार सेकंद वाचतात म्हणून ते भिरकावून देणाऱ्यांनी हे जरूर आठवावे.

याहून वाईट घटना 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात घडली. 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला व 21 धावपटू हायपोथर्मियाने, म्हणजे शरीराचे तापमान फार घसरल्याने, मरण पावले. अनेकांच्या अंगावर आखूड पँट आणि पातळ टी-शर्ट होते आणि वारा अडवणारे जॅकेट बाळगण्याची सक्ती नव्हती. महिना मे होता, हे पुन्हा सांगतो.

तेव्हा ग्लासगोत आतून बाष्प बाहेर जाऊ देणारे, शिवणींना पट्टी लावलेले हलके जलरोधक जॅकेट घेण्यात काटकसर करू नये. टोपीला पुढे छज्जा असावा, म्हणजे पाण्याचे सपकारे डोळ्यांवर येत नाहीत. त्वचेलगतचा शर्ट मेरिनोचाच घ्यावा. ओला झाला तरी तो पॉलिएस्टरपेक्षा अधिक ऊब धरतो. डोंगरवाटांवर जात असाल तर एक कोरडा थर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठीवर असू द्या. त्याचे वजन जेमतेम पाव किलो असते.

प्रश्न : माझे सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. वय 67, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे साडेपाचला उठून सारसबागेत हळूहळू धावण्याची त्यांची अनेक वर्षांची सवय. इथेही ते त्याच वेळी मिशिगन सरोवराकडे जायला निघतात. आम्ही नको म्हटले तर वाईट वाटते. काय करावे? — एक वाचिका, शिकागो

उत्तर : बाबांची सवय मोडू नका, तिची वेळ आणि जागा बदला. थंड हवा अंगाला लागताच त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. पहाटेच्या वेळी रक्तदाब मुळातच चढत असतो, त्यात शिकागोची थंडी आणि एकदम सुरू केलेली धाव यांची भर पडली तर धोका खरा आहे. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आधीच मावळतो. म्हणून त्यांनी न्याहारी आणि गोळ्या झाल्यावर, अकरा ते दोनच्या दरम्यान बाहेर पडावे. घरातच दहा मिनिटे जागच्या जागी चालून, जिना चढून-उतरून अंग गरम करावे आणि मग बाहेर जावे.

सरोवराकाठची वाट हिवाळ्यात त्यांच्यासाठी योग्य नाही. लाटांचे पाणी वाटेवर उडून तिथेच गोठते आणि वारा अडवायला काहीही नसते. वस्तीतील, दोन्ही बाजूंना घरे असलेला रस्ता निवडावा. तोंडावर लोकरी मफलर सैल गुंडाळावा. पुण्याहून आणलेली माकडटोपी उत्तम आहे, ती घालण्यात संकोच नको.

गोळ्या कोणत्या आहेत तेही पाहा. बीटा-ब्लॉकर गटातील औषधाने हातपाय अधिक गार पडतात आणि नाडी पुरेशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरच्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज बांधता येत नाही. सहज बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर घसरून डोक्याला मार लागणे अधिक गंभीर ठरते, अशा वेळी बर्फाच्या दिवशी मॉलमध्ये चालणेच इष्ट. छातीत आवळल्यासारखे होणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येणे, दम न आवरणे यांपैकी काहीही झाले तर घरी येऊन सांगू असे न म्हणता त्यांनी जागीच थांबावे आणि 911 ला फोन करावा. हा क्रमांक आणि घरचा पत्ता इंग्रजीत लिहिलेला कागद त्यांच्या खिशात असू द्या. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवायला सांगा; बाहेरच्या खिशात गारठून तो चटकन बंद पडतो. आणि ही सर्व व्यवस्था करण्यापूर्वी त्यांच्या पुण्यातील डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

प्रश्न : थंडीत धावल्यावर घशात जळजळ होते आणि थांबल्यानंतर दहा मिनिटे खोकल्याची उबळ येते. लहानपणी दमा होता. थंड हवेने फुप्फुसे गोठतात का? — एक वाचक, एडमंटन

उत्तर : फुप्फुसे गोठत नाहीत. नाक, घसा आणि श्वासनलिका आत येणारी हवा गरम आणि दमट करून पुढे पाठवतात. त्रास होतो तो कोरडेपणाचा. गोठलेल्या हवेत बाष्प अत्यल्प असते आणि वेगाने धावताना मिनिटाला शंभर लिटर किंवा त्याहूनही जास्त हवा आत-बाहेर होते. एवढ्या हवेला ओलावा देताना श्वासनलिकांचे अस्तर सुकते, चिडते आणि ज्यांना दम्याची प्रवृत्ती आहे त्यांच्या नलिका आकसतात. हे आकसणे धाव थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत जाणवते, तुमच्या वर्णनाशी ते तंतोतंत जुळते. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. धावण्याच्या पंधरा मिनिटे आधी घ्यायचा पंप ते सुचवू शकतात, पण तो स्वतःच्या मनाने घेऊ नका.

तोंडावर नळीसारखी कापडी पट्टी ओढली की उच्छ्वासातील ओलावा तिच्यात अडतो आणि पुढच्या श्वासाबरोबर आत जातो. पट्टी अर्ध्या तासात कडक होते, म्हणून दुसरी कोरडी पट्टी खिशात ठेवावी. सुरुवातीची पंधरा मिनिटे संथ धावावे. वेगाचा सराव थंडीच्या लाटेत घरात करावा. उणे 20 अंशांखाली आंतरराष्ट्रीय स्की महासंघ लांब पल्ल्याच्या शर्यतीही घेत नाही, यावरून काय ते समजावे.

प्रश्न : बर्फ वितळते आणि रात्री पुन्हा गोठते. दोनदा घसरून पडले. खिळ्यांचे बूट घ्यावेत का? — एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : खास बूट घेण्याची गरज नाही. बुटांवर रबराने ताणून बसवायचे, साखळीला पोलादी खिळे असलेले मायक्रोस्पाइक मिळतात, ते कडक बर्फावर उत्तम पकड देतात. साफ केलेल्या काँक्रीटवर मात्र तेच घसरतात, म्हणून रस्ता पाहून चढवावेत. पाऊल आखूड टाकावे आणि ते शरीराच्या खालीच पडू द्यावे; लांब ढांग टाकली की टाच पुढे निसटते. डांबरावर पारदर्शक बर्फाचा थर नुसता ओलसर डाग वाटतो, तेव्हा पहाटेऐवजी दुपारी धावणे अधिक सुरक्षित. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून पदपथ बर्फाने बुजला असेल तर रस्त्याच्या डाव्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे आणि अंगावर प्रकाश परावर्तित करणारे जाकीट घालावे.

प्रश्न : निफाडला पहाटे पारा 5-6 अंशांवर येतो. अशा थंडीत धावणे अपायकारक आहे का? — एक वाचक, निफाड

उत्तर : मुळीच नाही, धावायला हे उत्तम तापमान आहे. पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टरचा शर्ट, पातळ हातमोजे आणि कानटोपी एवढे पुरे. स्वेटर नको. तुमच्या भागात खरी काळजी धुराची आहे. द्राक्षे वाचवण्यासाठी बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात आणि थंड हवेत तो धूर जमिनीलगतच रेंगाळतो. ऊन पडून धूर वर उठेपर्यंत, म्हणजे साधारण आठपर्यंत थांबावे.

प्रश्न : गोठलेल्या पँगाँग सरोवरावरची शर्यत धावण्याची इच्छा आहे. मी अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत धावतो. कोल्हापुरात राहून तयारी कशी करू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिली पँगाँग शर्यत 20 फेब्रुवारी 2023 रोजी लुकुंगपासून मान गावापर्यंत झाली. अंतर 21 किलोमीटर, उंची 13,862 फूट आणि धावपटू 75 होते. गिनीज बुकात तिची नोंद आहे. हवामानबदलाने असे बर्फ उरेल की नाही, ही चिंता बोलून दाखवण्यासाठी आयोजकांनी तिला ‘द लास्ट रन’ म्हटले होते.

तिथे थंडीपेक्षा उंचीची तयारी आधी करावी लागते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो, म्हणून दोन तासांचे गणित सोडून द्यावे. लेहला विमानाने उतरल्यावर पहिले 48 तास पूर्ण विश्रांती घ्यावी, नंतर काही दिवस चालणे आणि हलके धावणे. पँगाँगला जाताना 5,300 मीटरांहून उंच चांग ला खिंड लागते. ती ओलांडून तांगत्सेला मुक्काम करावा आणि मग सरोवराकडे जावे. डोके ठणकणे, मळमळ, चालताना तोल जाणे यांपैकी काही दिसले तर शर्यत कितीही जवळ असली तरी खाली उतरावे. यात तडजोड नको.

कपड्यांसाठी मिनियापोलिसच्या वाचकाला दिलेले उत्तर तुम्हालाही लागू आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. बर्फ सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेकते आणि उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, म्हणून बाजूंनीही झाकणारा गडद चष्मा हवाच. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावावे, कारण ऊन तिथे खालून लागते. पाण्याची बाटली जॅकेटच्या आत आणि उलटी ठेवावी. बर्फ वरून धरते, त्यामुळे बूच मोकळे राहते. कोल्हापुरात थंडी मिळणार नाही, पण सर्व थर घालून पहाटे एखादी छोटी धाव घेतली तर कुठे काचते, मिटन घालून चेन उघडता येते का, मायक्रोस्पाइक बुटांवर नीट बसतात का, एवढे तरी आधी कळते. दोरीची एक गाठ चेनच्या टोकाला बांधून घ्या, बधिर हातांनाही ती पकडता येते.

प्रश्न : हे कपडे महाग आहेत. ते टिकावेत म्हणून कसे धुवावेत? — एक वाचक, ओटावा

उत्तर : उलटे करून, गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवावेत. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम टिपून बाहेर टाकण्याचा कापडाचा गुण कमी होतो. मेरिनो ड्रायरमध्ये न घालता आडवे पसरून वाळवावे, नाही तर ते आटते. जलरोधक जॅकेटवर पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळण्याऐवजी कापडात पसरू लागले की त्यावरचा लेप झिजला असे समजावे. धुऊन, त्यासाठी मिळणारा फवारा मारून मंद उष्णतेवर वाळवले की जॅकेट पुन्हा काम देते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत आणि तासाभराने बदलावेत, हीटरवर बूट ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो.